अमनूनला पाठवून दे

व्हिएन्ना, १८ फेब्रुवारी १९८४

हियोदादा,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. गेल्या महिन्यात बर्फावर घसरलो आणि उजवा हात मोडला. प्लास्टर निघालंय, पण बोटं अजून माझं ऐकत नाहीत. बुलोर म्हणाली रेनाकडून लिहून घ्या. म्हटलं, दादाला मुलीच्या अक्षरात पत्र गेलं तर त्याला वाटेल मी मेलो.

परवा विद्यापीठातली एक बाई दुकानात आली होती. बूट नको, पट्टा नको, नुसते प्रश्न. आपल्या समरकंदच्या ज्यूंपैकी जे इस्रायलमध्ये राहिले आणि जे तिथून निघून इथे आले, त्यांच्यात कुणाचं बरं झालं? घर केवढं, मुलं काय शिकतात, शेजारी घरी बोलावतात का. मी म्हटलं, "बाई, हे माझ्या भावाला विचारा. गेली दहा वर्षं तो मला ह्याचंच उत्तर देतोय."

पण तिला जे सांगितलं ते तुलाही सांगतो. तीन खोल्या आहेत, हिवाळ्यातही घरात नुसत्या सदऱ्यावर बसतो, एवढी ऊब. रेना वर्गात जर्मनमध्ये पहिली आली आणि पियानोही शिकतेय. कातडी पिशव्या, बूट, पट्टे, सगळं खपतं. नदीवरच्या जहाजांचे खलाशी येतात, हंगेरीवाले येतात, पोलंडवाले येतात. चौकात अर्धी दुकानं आपल्याच लोकांची. शेजारी घरी बोलावत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. दर वर्षी राहण्याचे कागद घेऊन रांगेत उभा राहतो, तेही नाही.

आता कामाचं. तुझा अमनून सैन्यातून सुटलाय आणि घरी बसून आहे असं कळलं. त्याला पाठवून दे. मला मुलगा नाही. दुकानात आपल्या रक्ताचं माणूस हवं. असा उंचापुरा पोरगा नुसता दारात उभा राहिला तरी दुकानाला शोभा येईल.

तुझा निसोन


ओर येहूदा, इस्रायल, २५ मार्च १९८४

निसोन,

तू त्या बाईला पियानो ऐकवलास, हे वाचून वहिनी हसली. समरकंदमध्ये तुला डफ धड धरता येत नव्हता.

आमचं काय झालं ते पुढच्या वेळी तिला सांग. मुलगी येहुदित सरकारी इस्पितळात परिचारिका आहे. तिला कुणी "कुठून आलात" असं विचारत नाही, तीच दुसऱ्यांना विचारते. घर लहान आहे, पण माझं आहे. ज्या रांगेत तू उभा राहतोस तसली रांग इथे नाही. महागाई आहे, कबूल. सकाळी दाढीचा भाव पाटीवर लिहितो आणि संध्याकाळी खोडून नवा लिहितो. तरी दुकान चालतं. नुकतेच नवे आरसे बसवले, भिंतभर.

आणि आई इथे आहे. तिच्या कबरीवर एक खडा ठेवायला तू एकदाही आला नाहीस. त्र्याहत्तरच्या लढाईनंतर तू "परत समरकंदला जातो" म्हणून निघालास. रशियनांनी दार लावलं तसा वाटेतच व्हिएन्नात अडकलास, आणि आता अडकलेल्या जागेला घर म्हणतोस. असो. तू धाकटा आहेस, तुला सगळं माफ.

अमनूनला पाठवतो. सैन्यात तीन वर्षं काढली, सगळं लेबनॉन बघून आला. जरा अबोल झालाय, पण सैन्याने त्याचा माणूस केला. तुमच्या शांत गावात राहील, नदीकाठी फिरेल, बरं वाटेल त्याला. येत्या मंगळवारच्या विमानाने निघतोय. एवढी घाई कशाला म्हणून विचारशील, तर तिकीट स्वस्त मिळालं.

हियो


व्हिएन्ना, ३ जून १९८४

दादा,

तू मला पोरगा नाही पाठवलास, वाघ पाठवलास!

तो आल्यापासून धंद्याची चिंता अशी नाही. पहाटे उठतो, खोकी एकटा उतरवतो, बोलत नाही. रेनाशी तेवढा बोलतो. तिला हिब्रू शिव्या शिकवल्यात असा बुलोरला संशय आहे.

परवाची गंमत ऐक. चौकात काही रिकामटेकडे फिरतात, दुकानदारांना त्रास देतात. आपलेच, ताश्कंदचे. त्यातले दोघे आले. एकाने सवयीने गल्ल्यात हात घातला. मी काही बोलायच्या आत अमनूनने खण ढकलून बंद केला, हात आत असतानाच. मग खणाला गुडघा टेकवून उभा राहिला. तो माणूस कसा ओरडला म्हणून सांगू! हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. दुसरा पळाला. अमनूनने खण उघडला, त्याचा हात त्याच्या स्वाधीन केला आणि वर म्हणतो कसा, "धन्यवाद, पुन्हा या." जर्मनमध्ये! तेवढंच जर्मन येतं त्याला.

संध्याकाळी अख्ख्या चौकाने आम्हाला चहा पाजला. गेल्या दहा वर्षांत मला एवढा मान मिळाला नव्हता.

तुझा निसोन


ओर येहूदा, १७ जून १९८४

निसोन,

कोण आहेत ही माणसं? सवयीने गल्ल्यात हात घातला म्हणजे काय? कुणाची सवय, आणि कधीपासूनची?

तू लिहिलंस ते मी वहिनीला वाचून दाखवलं नाही. तुला गंमत वाटते. मला ते वाचून घाम फुटला. मुलाला मी तुझ्याकडे बूट विकायला पाठवलंय. दुकानाच्या दाराला बांधायला मी कुत्रा पाठवलेला नाही.

त्याला परत पाठव असं लिहिणार होतो, पण तेही लिहिता येत नाही. मार्चमध्ये माझ्या दुकानात त्याचं आणि गिओरा नावाच्या एका गिऱ्हाइकाचं बोलता बोलता भांडण झालं. अमनूनने खुर्ची उचलली. ते लोखंडी पायांचं धूड मला दोन्ही हातांनी हलत नाही, निसोन. पहिल्याच दणक्यात गिओराचा जबडा गेला. खाली पडल्यावरही हा मारतच राहिला. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांत ओळख नाही. मी कोपऱ्यात साबणाची वाटी हातात धरून उभा. गिओराचा एक डोळा गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे भाऊ सुरे घेऊन आले. अमनून सापडला नाही म्हणून सगळे आरसे फोडून गेले. मी जे नवे आरसे लिहिले ते हे.

ते अजून गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. तेव्हा त्याला तिथेच ठेव, पण भांडणापासून लांब ठेव. मागच्या खोलीत शिवणकामाला बसव. जे काही मागत असतील ते त्यांना देऊन टाक. तुझ्या मोठ्या भावाचं एवढं ऐक.

हियो


व्हिएन्ना, ८ जुलै १९८४

बाबा,

काकांना लिहिलेलं तुमचं पत्र मी वाचलं. त्यांनी टेबलावर ठेवलं होतं.

काकांवर रागावू नका. त्यांचा हात बर्फात मोडलेला नाही. ताश्कंदचा पिन्हास म्हणून एक आहे, चौकातली सगळी दुकानं त्याला दर महिन्याला पैसे देतात. काका जानेवारीत नाही म्हणाले. पिन्हासने त्यांच्याच दुकानातला हातोडा घेतला, त्यांचा हात फळीवर ठेवायला लावला आणि बोटांवर एकेक घाव घातला. काकू समोर उभी होती. पोलिसात कोण जाणार? सगळ्यांना आपापल्या कागदांची भीती. काकांनी मला हे पहिल्याच रात्री सांगितलं आणि म्हणाले, दादाला कळवू नकोस, तो म्हणेल मी सांगत होतो.

इथलं आणि तिथलं सारखंच आहे बाबा. इथे फक्त मारायच्या आधी नमस्कार करतात.

तुम्ही विचारत नाही तरी सांगतो. त्या माणसाचा हात खणात मोडला त्या दिवसापासून मला झोप लागते. आईला सांगा, मी नीट झोपतो.

अमनून


व्हिएन्ना, १६ सप्टेंबर १९८४

भावजी,

तुम्हाला फोनवर एवढंच कळलं की निसोन गेले. तुम्ही तिकिटाची जमवाजमव करेपर्यंत माती झाली होती. काल आमचे सुतकाचे सात दिवस संपले. जे झालं ते आता सांगते. मी तिथे होते.

बुधवार होता, सकाळची गर्दीची वेळ. शाळेला सुट्टी असल्यामुळे रेना पिशव्यांना पॉलिश करत बसली होती. पिन्हास स्वतः आला, बरोबर तिघे. त्याने अगदी गोड आवाजात विचारलं, "निसोनभाई, हात कसा आहे?" यांनी मान वर केली नाही. पिन्हास रेनाकडे बघून म्हणाला, "मुलगी पियानो वाजवते म्हणे. तिचीही बोटं नाजूक असतील."

तेवढंच. मागच्या खोलीतून अमनून बाहेर आला. त्याच्या हातात तो लोखंडी पाय होता, ज्यावर बूट चढवून ठोकतात. पिन्हासच्या डोक्यावर पहिला घाव बसला तेव्हा कलिंगड पडल्यासारखा आवाज झाला. त्या तिघांनी सुरे काढले. एकाने अमनूनच्या दंडावर वार केला, रक्त पिशव्यांवर उडालं. अमनूनने तिकडे बघितलंही नाही. त्याने एकाच्या गुडघ्यावर मारलं, दुसऱ्याच्या तोंडावर, तिसरा पळाला. मग तो पुन्हा पिन्हासकडे वळला. पिन्हास जमिनीवर पडलेला, हात जोडत होता.

आणि तुमचे भाऊ ओरडत होते, "आणखी हाण! माझ्या प्रत्येक बोटासाठी हाण!" हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. मीही मनात तेच म्हणत होते.

पण अमनून थांबेना. पिन्हासचा चेहरा चेहरा राहिला नव्हता. रेना किंचाळली, तेव्हा हे भानावर आले. "बस, अमनून, बस पोरा, मरेल तो!" असं म्हणत मागून धावले आणि त्याला दोन्ही हातांनी कवेत धरलं.

अमनून गर्रकन वळला. त्याने बघितलं नाही भावजी, कोण आहे ते बघितलंच नाही. एकच घाव, कानाच्या वर. हे माझ्या पायाशी पडले. त्यानंतर तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मागून कशाला आलात?" दोनदा, तीनदा तेच म्हणाला. पोलीस येईपर्यंत त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. हे तिसऱ्या दिवशी इस्पितळात गेले, काही न बोलता.

अमनून कोठडीत आहे. पोलिसांना काही सांगत नाही. पिन्हास जगलाय, पण त्याची वाचा गेली आहे. चौकातल्या कुणीही काही पाहिलेलं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काल आपल्यातली मोठी मंडळी येऊन बसली. म्हणाले, "बुलोर, तू एवढंच सांग की निसोनला पिन्हासने मारलं आणि काकाला वाचवायला पोरगा मधे पडला. पोरगा सुटेल, पिन्हास आत जाईल, चौक मोकळा होईल. यात कुणाचं नुकसान आहे?"

मी अजून होकार दिलेला नाही. मुलगा तुमचा, मेलेला भाऊही तुमचाच. तुम्ही लिहा. मी काय सांगू?

बुलोर


ओर येहूदा, ३ ऑक्टोबर १९८४

बुलोर,

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. गिऱ्हाईक खुर्चीत, अर्ध्या गालाला साबण. त्याला तसाच घरी पाठवला.

आधी हे वाच. लेबनॉनमध्ये अमनूनच्या गाडीवर रॉकेट पडलं. तो बाहेर उडी मारणार तेवढ्यात त्याच्या मित्राने, एली नाव होतं त्याचं, मागून त्याला मिठी मारली. एली पेटलेला होता. अमनून त्याला पाठीवर घेऊन धावला, तो पाठीवरच जळत राहिला, पाठीवरच मेला. त्याची बोटं सोडवायला दोन माणसं लागली. अमनूनची पाठ तू पाहिली नसशील, तो अंगातला सदरा काढत नाही.

तेव्हापासून त्याला मागून हात लावायचा नाही. आमच्या घरात वहिनीला माहीत आहे, येहुदितला माहीत आहे. ते भांडण बोलता बोलता झालेलं नाही. गिओराने हसत हसत त्याच्या पाठीवर थाप मारली होती. मी निसोनला सगळं लिहिलं, एवढं सोडून. का, तर तो म्हणेल, दादा, तुमच्या देशाने पोराचं हे काय करून ठेवलं? आणि तुमच्याकडे कळलं तर पोराला मुलगी कोण देणार?

एका ओळीचं काम होतं, बुलोर.

तू विचारलंस, काय सांगू. मी दोन दिवस फक्त याच्यावर विचार केला. खोटं सांग. सांग, पिन्हासने मारलं. तो माणूस बोटं ठेचतो, मुलींना धमकावतो, त्याच्यासाठी मला दया नाही. भाऊ गेला, आता मुलगाही जाऊ देऊ नकोस. निसोन असता तर त्याने हेच सांगितलं असतं. तुझ्या पाया पडतो.

हियो


ओर येहूदा, १४ एप्रिल १९८५

बुलोर,

निकालानंतर तुझ्याशी न बोलता मी परतलो. म्हणून लिहितो.

तू साक्षीला उभी राहिलीस तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. मला दुभाष्याचं ऐकायची गरज नव्हती, तू आपल्या भाषेत बोललीस. "घाव अमनूनने घातला. पण आम्ही त्याला हाणामारीसाठी बोलावलं होतं, बूट विकायला नाही." तुला त्या क्षणी मी मारू शकलो असतो. त्याच हातांनी, ज्यांनी रोज लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो. बाहेर आल्यावर आपल्या मंडळींनी तुझ्याकडे पाठ फिरवली, एक म्हातारी तुझ्या पायाशी थुंकली, आणि मला बरं वाटलं. हेही लिहून टाकतो.

मग जिन्यात रेना भेटली. मी तिला म्हटलं, "तुझ्या आईने असं का केलं?" ती म्हणाली, "मी तिथे होते, काका. आईने खोटं सांगितलं असतं तर मला आयुष्यभर तेच सांगत बसावं लागलं असतं." एवढीशी पोर.

चार वर्षांची शिक्षा आणि डॉक्टरांचे उपचार. येहुदित म्हणते, इथे इतकं मागूनही त्याला डॉक्टर मिळाला नव्हता, तिथे न्यायाधीशाने दिला. ती मला हसवायला म्हणाली. मी हसलो नाही.

इथे गिओराचे भाऊ आता येत नाहीत. त्यांना वाटतं देवाने त्यांचा हिशोब चुकता केला. गल्लीत लोक वाट सोडतात. मी दुकान काढलं विकायला. चार वर्षं मी इथे गिऱ्हाइकांच्या दाढ्या करत बसू शकत नाही. मी आणि वहिनी तिकडे येऊ म्हणतो. जो भावाला इतकी वर्षं "निघून गेलेला" म्हणत आला, तो आता स्वतः निघतोय. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण तुझ्या शहरात तुला विचारल्याशिवाय यायचं माझं तोंड नाही. तू नको म्हणालीस तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

हियो


व्हिएन्ना, ५ मे १९८५

भावजी,

रविवारी मी पहिल्यांदा तुरुंगात त्याला भेटायला गेले. बरोबर भात नेला होता, गाजर आणि मटण घालून, तुमच्याकडे करतात तसा. जाताना ठरवलं होतं की डबा ठेवायचा आणि एक शब्द न बोलता परत फिरायचं.

तो समोर येऊन बसला आणि मी त्याच्या कानाखाली वाजवली. जितकी ताकद होती तितकी. पहारेकरी धावत आला. अमनून म्हणाला, "राहू द्या, माझी काकू आहे." नाकातून रक्त आलं तरी हलला नाही. मग मी डोक्याच्या रुमालाने ते पुसलं. समोरून. त्याला दिसेल असा हात नेला. तुम्ही कळवलंत म्हणून मला कळलं कसा न्यायचा. मग आम्ही दोघं बराच वेळ रडलो आणि पहारेकऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

त्याने विचारलं, दुकान कोण उघडतं. म्हटलं, मी. त्याने विचारलं, ते येतात का. मी खोटं बोलले नाही. येतात. पिन्हास मुका आणि पांगळा झाला, त्याचा मेहुणा येतो. मी देते. महिन्याला दोन जोडी बुटांची किंमत. तेवढ्या पैशांसाठी तुमचा भाऊ मातीत आहे आणि तुमचा मुलगा गजाआड. विद्यापीठातली ती बाई गेल्या आठवड्यात पुन्हा आली, जे राहिले आणि जे आले त्यांच्यात कुणाचं बरं झालं ते लिहून झालं म्हणाली. मी तिला एक पट्टा विकला.

तुम्ही मला मारू शकला असतात असं लिहिलंत. त्या दिवशी तुमच्याकडे बघून मला ते कळलं होतं. मलाही तुमच्याबद्दल तसंच वाटलं होतं, तुमचं ऑक्टोबरचं पत्र वाचून. त्या न लिहिलेल्या एका ओळीसाठी.

या. पण माझ्या घरात राहायला नाही. रेना दचकून उठते, आणि तुमचा आवाज अगदी तिच्या बाबांसारखा आहे. दोन गल्ल्या सोडून एक खोली बघितली आहे, तळमजल्यावरची, वहिनींचे गुडघे दुखतात म्हणून. शुक्रवारी जेवायला बोलावणार नाही, इतक्यात नाही. चौकात न्हाव्याचं दुकान नाही, तेवढं बघून ठेवलंय.

भेटीला एका वेळी दोघांनाच सोडतात. माझं जाणं मी सोडणार नाही. दुसऱ्या खुर्चीवर एका रविवारी वहिनी, एका रविवारी तुम्ही. तिथे माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. त्याच्याशी बोला.

बुलोर